कागदावरचे ‘नाही’

वाचकहो, ग्वाल्हेरचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी तेथील किल्ल्यामुळे किंवा तेथील गायकीमुळे ऐकले असेल. त्या शहराचा जो भाग लष्कर ह्या नावाने ओळखला जातो, तो दौलतराव शिंदे यांनी इ. स. १८१० च्या सुमारास तेथे टाकलेल्या छावणीतून वाढला. छावणीच्या मागोमाग महाराष्ट्रातून गेलेली कितीतरी कुटुंबे तेथेच स्थायिक झाली. लष्करातील दौलतगंज भागात त्यांच्यापैकी काहींच्या घरी आजही उंबरठ्याच्या आत मराठी आणि उंबरठ्याबाहेर हिंदी ऐकू येते. अशाच एका स्नेह्यांच्या घरी, काही वर्षांपूर्वी, पावसाळा सरता सरता चार-सहा दिवस राहण्याचा योग आम्हांस आला होता. त्या मुक्कामात जे पाहिले, त्यावरून आजचा हा विषय सुचला.

आम्ही पोहोचलो त्या रविवारी सायंकाळीच घरातील अकरा वर्षांच्या नातवाला ताप भरला. अंग तापले, डोके दुखू लागले, डोळ्यांच्या मागे ठणका लागला. शहरात डेंग्यूची साथ होती. तेव्हा मंगळवारी सकाळी वडील त्याला घेऊन जवळच्या तपासणीच्या दुकानी गेले. तेथील माणसाने बोटातून थेंबभर रक्त घेतले, एका लहानशा पांढऱ्या पट्टीवर टाकले, आणि वीस मिनिटांत कागदावर लिहून दिले : ‘निगेटिव्ह’. घरात सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. आजींनी तो कागद देव्हाऱ्यापाशी नेऊन ठेवला.

शुक्रवारी सकाळी ताप उतरला. आजींनी मऊ भात केला. परंतु मुलाने घास घेतला नाही. तो पोट धरून पडून राहिला, दोन-तीन वेळा ओकला, आणि दुपारी त्याचे हातपाय गार लागू लागले. सूनबाई घाबरल्या व इस्पितळात जाऊ म्हणाल्या. आजी त्यांना समजावीत होत्या, “अगं, कागदावर ‘नाही’ असं लिहून आलंय ना? शिवाय तापही उतरला. आता डेंग्यू कशाचा? अशक्तपणा आहे, दुसरं काही नाही.”

शेजारच्या घरी एक निवृत्त परिचारिका राहत होत्या. त्या निरोप मिळताच आल्या, मुलाची नाडी पाहिली, नखे दाबून पाहिली, आणि म्हणाल्या, “आजी, कागद राहू द्या बाजूला, मुलाकडे पाहा. ताप उतरताना हातपाय गार पडले तर ते बरं लक्षण नव्हे. रिक्षा बोलवा.” तासाभरात मुलगा इस्पितळात पोहोचला. तेथे पुन्हा रक्त घेतले, निराळ्या पद्धतीने तपासले, आणि आजार डेंग्यूच असल्याचे ठरले. तीन दिवस शिरेतून पाणी दिल्यावर तो बरा होऊन घरी आला.

त्या रात्री मुलाच्या वडिलांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला, “मग पहिला कागद खोटा होता काय?”

वाचकहो, ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच आजचा हा लेख आहे. तो कागद खोटा नव्हता. त्याला जे विचारले गेले, त्याचे त्याने खरे उत्तर दिले. परंतु विचारायचे होते एक आणि विचारले गेले दुसरेच. तपासणीचे उत्तर हे त्या तपासणीचे, त्या नमुन्याचे व त्या दिवसाचे उत्तर असते. ते आजाऱ्याविषयीचा अखेरचा निवाडा नसते. हा भेद घरोघरी समजला, तर पुष्कळ जीव वाचतील.

चोर, चोराची वस्तू आणि गावाची जाग

विषाणू हा इतका सूक्ष्म असतो, की शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकातूनही तो दिसत नाही. म्हणून तो शरीरात आहे की नाही, हे आडवाटेने शोधावे लागते. अशा वाटा मुख्यतः तीन आहेत. गावात चोर शिरला आहे, अशी कल्पना केली, तर त्या सहज ध्यानात येतील.

पहिली वाट म्हणजे खुद्द चोराला ओळखणे. प्रत्येक विषाणूच्या पोटात त्याचा असा एक जननलेख असतो, आणि तो दुसऱ्या कोणाशी जुळत नाही. त्या लेखाचा एखादाच तुकडा नमुन्यात असला, तरी त्याच्या लक्षावधी प्रती काढून तो दृष्टीस आणता येतो. ह्या युक्तीला पी. सी. आर. म्हणतात. ती अमेरिकेतील कॅरी मलिस यांना १९८३ साली सुचली, आणि तिच्यासाठी त्यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. करोनाच्या काळात आर. टी. पी. सी. आर. हे नाव आपण सर्वांनी ऐकले, ते ह्याच घराण्यातले. ही तपासणी सर्वांत तीक्ष्ण. परंतु तिला यंत्र लागते, शिकलेला माणूस लागतो, आणि कित्येक तासांचा अवधी लागतो.

दुसरी वाट म्हणजे चोराने टाकलेली वस्तू सापडणे. विषाणूच्या अंगावरचे किंवा त्याने रक्तात सोडलेले एखादे प्रथिन शोधावयाचे. ह्याला अँटिजेन तपासणी म्हणतात. डेंग्यूमध्ये एन. एस. १ नावाचे प्रथिन शोधतात. येथे प्रती काढीत नाहीत; जेवढे आहे तेवढ्यावरच काम भागवावे लागते. म्हणून वस्तू भरपूर पडली असेल तर ती सापडते, थोडी असेल तर हातून निसटते.

तिसरी वाट म्हणजे गावाला जाग आली की नाही हे पाहणे. विषाणू शिरला, की शरीर त्याच्याशी लढण्यासाठी रक्तात प्रतिपिंडे निर्माण करते. प्रथम जी येतात त्यांना आय. जी. एम. म्हणतात, मागून येऊन दीर्घकाळ टिकतात ती आय. जी. जी. परंतु चोर शिरताच त्या क्षणी गाव जागे होत नाही, आणि चोर पळाल्यावरही गाव कितीतरी रात्री जागत राहते. म्हणून ही वाट आरंभी फार लवकर ‘नाही’ म्हणते, आणि शेवटी फार उशिरापर्यंत ‘होय’ म्हणत राहते.

मागील दोन वाटांनी जाण्याचीही दोन वाहने आहेत. एक ती पांढरी पट्टी, जिला लोक कार्ड टेस्ट म्हणतात. ती पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते. दुसरी एलायझा, जी १९७१ मध्ये स्वीडनमध्ये निघाली. तिच्यात ९६ बारीक खळगे असलेल्या तबकडीत रक्तजल घालून रंगाचा बदल यंत्राने मोजतात. पट्टीवरची पुसट रेघ एकाला दिसते, दुसऱ्याला दिसत नाही. एलायझाचा रंग यंत्र मोजते, म्हणून तिचा भरवसा अधिक. परंतु तबकडी भरण्याइतके नमुने जमेपर्यंत काही ठिकाणी थांबतात, आणि म्हणून उत्तर दुसऱ्या दिवशी हाती येते. आपल्याला घाई असते, आणि म्हणून आपण पट्टीकडे धावतो.

दिवस मोजण्याचे महत्त्व

आता दौलतगंजच्या त्या मुलाकडे पुन्हा वळू. मंगळवारी, म्हणजे तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, जी पट्टी वापरली गेली, ती केवळ प्रतिपिंडे शोधणारी होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली डेंग्यूविषयी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत असे सांगितले आहे, की तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत सुमारे ५० टक्के रुग्णांतच आय. जी. एम. आढळते, पाचव्या दिवशी हे प्रमाण ८० टक्क्यांवर, आणि दहाव्या दिवशी ९९ टक्क्यांवर जाते. म्हणजे तापाच्या दुसऱ्या दिवशी ही पट्टी वापरणे, म्हणजे पेरणीच्या दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन अंकुर शोधण्यासारखे आहे. अंकुर दिसला नाही, म्हणून बी मेले असे कोणता शेतकरी म्हणेल?

त्या दिवशी योग्य तपासणी होती ती एन. एस. १ ची, कारण ते प्रथिन तापाच्या पहिल्या दिवसापासून रक्तात सापडू शकते. आपल्या देशाच्या सरकारी धोरणातही हाच क्रम सांगितला आहे : आरंभीच्या दिवसांत एलायझा पद्धतीने एन. एस. १, आणि पाचव्या दिवसानंतर एलायझा पद्धतीने आय. जी. एम. डेंग्यू ‘पक्का’ ठरविण्यासाठी नुसत्या पट्टीचा आधार हे धोरण पुरेसा मानीत नाही. आय. जी. एम. च्या तपासणीचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था तयार करते, आणि ठरविलेल्या सरकारी इस्पितळांना ते पुरविले जातात. ही संस्था १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र ह्या नावाने सुरू झाली, व १९७८ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. ३० जानेवारी २०२० रोजी भारतातील करोनाचा पहिला रुग्ण केरळमध्ये सापडला, त्याचा नमुनाही ह्याच संस्थेत तपासला गेला होता.

एन. एस. १ मध्येही एक मेख आहे. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत. एक होऊन गेला तरी दुसऱ्या प्रकाराचा होऊ शकतो. दुसऱ्या वेळी शरीर आधीच अर्धवट जागे असल्याने हे प्रथिन रक्तातून लवकर नाहीसे होते, आणि तपासणी अधिक वेळा चुकते. दुर्दैव असे, की डेंग्यू बहुधा दुसऱ्याच वेळी अधिक उग्र रूप धारण करतो. उलट, आय. जी. एम. दोन-तीन महिने रक्तात रेंगाळू शकते. म्हणून ‘होय’ आले, तरी ते आजच्या तापाचे की श्रावणातल्या विसरलेल्या तापाचे, हे डॉक्टरांना लक्षणांवरून ठरवावे लागते.

राखणदाराचे दोन गुण

एखादी तपासणी किती अचूक, असे आपण विचारतो, तेव्हा खरे पाहता दोन प्रश्न विचारीत असतो. चांगल्या राखणदार कुत्र्याचे दोन गुण असतात : एकही चोर त्याच्या नजरेतून सुटू नये, आणि घरच्या माणसावर त्याने उगाच भुंकू नये. पहिल्या गुणाला वैद्यकात संवेदनशीलता म्हणतात. शंभर आजाऱ्यांपैकी किती जणांना तपासणीने ओळखले, ते ती सांगते. दुसऱ्याला विशिष्टता म्हणतात. शंभर निरोग्यांपैकी किती जणांना तिने बरोबर सोडून दिले, ते ती सांगते. हे दोन्ही गुण एकाच कुत्र्यात सारखेच असतील असे नाही.

ह्याचे ठळक उदाहरण करोनाच्या काळात दिसले. १४ जून २०२० रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नाकातील नमुन्यावर करावयाच्या पहिल्या अँटिजेन पट्टीला मान्यता दिली. दोन ठिकाणी केलेल्या पडताळणीत तिची विशिष्टता ९९.३ ते १०० टक्के भरली. परंतु संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के इतकीच होती. म्हणजे ही पट्टी निरोग्यावर क्वचितच भुंके. पण शंभर आजाऱ्यांपैकी सोळा, आणि वाईट पाहणीत एकोणपन्नास तिच्या डोळ्यांदेखत निघून जात. म्हणूनच परिषदेने त्याच वेळी बजावले होते, की ‘होय’ आले तर ते खरे माना. पण लक्षणे असून ‘नाही’ आले, तर पी. सी. आर. करूनच खात्री करा. ह्या सूचनेचा पूर्वार्ध सर्वांनी ऐकला. उत्तरार्ध कित्येकांच्या कानी गेलाच नाही.

त्याच्या दोन महिने आधी तर फजितीच झाली होती. प्रतिपिंडे शोधणाऱ्या पट्ट्या परदेशातून मोठ्या संख्येने मागविल्या. त्या राज्यांत पोहोचल्या. आणि निरनिराळ्या ठिकाणांहून परस्परविरोधी उत्तरे येऊ लागली. परिषदेने २१ एप्रिल २०२० रोजी त्यांचा वापर दोन दिवस थांबविण्यास सांगितले, आणि २७ एप्रिलला दोन कंपन्यांचे संच परत करण्याची सूचना राज्यांना दिली. लवकर मिळणारे उत्तर बरोबर असेलच असे नाही, हा धडा त्या दिवसांत साऱ्या देशाने घेतला.

पी. सी. आर. म्हणजे तरी ब्रह्मवाक्य आहे काय? तेही नव्हे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये अनेक पाहण्या एकत्र करून असा अंदाज मांडला, की करोनाची लक्षणे दिसू लागण्याच्या दिवशी केलेली पी. सी. आर. सुमारे ३८ टक्के आजाऱ्यांना ‘नाही’ असे सांगते. तीन दिवसांनी ही चूक सुमारे २० टक्क्यांवर येते, आणि पुढे पुन्हा वाढू लागते. दोष यंत्राचा नसतो. नाकातून काडी नीट फिरविली नाही, किंवा त्या दिवशी त्या जागी विषाणूच थोडे होते, तर यंत्राने तरी काय शोधावे? उलट, आजार बरा होऊन माणूस कामाला लागला, तरी मेलेल्या विषाणूंचे तुकडे कित्येक आठवडे सापडत राहतात, आणि पी. सी. आर. प्रामाणिकपणे ‘होय’ म्हणत राहते.

एकच पट्टी, दोन अर्थ

आता थोडा हिशेब करू. पाटी-पेन्सिल घेऊन घरातल्या मुलांकडून तो करवून घेतलात तर अधिक बरे.

मार्च २०२१ मध्ये कॉक्रेन ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेने करोनाच्या अँटिजेन पट्ट्यांविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात लक्षणे असलेल्यांत सरासरी संवेदनशीलता ७२ टक्के, लक्षणे नसलेल्यांत ५८ टक्के, आणि विशिष्टता ९९.६ टक्के आढळली.

समजा, साथ ऐन भरात आहे. खोकला-ताप असलेली १,००० माणसे तपासणीस आली, आणि त्यांपैकी ४०० जणांना खरोखर करोना आहे. पट्टी त्यांतील २८८ जणांना ओळखील व ११२ जणांना सोडील. उरलेल्या ६०० निरोग्यांपैकी दोघा-तिघांनाच ती चुकून आजारी ठरवील. म्हणजे ‘होय’ हे उत्तर जवळजवळ दगडावरची रेघ. परंतु ‘नाही’ म्हणून घरी धाडलेल्या सुमारे ७१० जणांत ११२ आजारी असतील, म्हणजे दर सहा-सात जणांत एक.

आता उलट समजा. साथ ओसरली आहे; गावातील १,००० धडधाकट माणसांना सहज तपासले, आणि त्यांपैकी पाचच जणांच्या अंगात विषाणू आहे. पट्टी त्यांतील तिघांना ओळखील. पण ९९५ निरोग्यांपैकी चौघांना उगाच आजारी ठरवील. ‘होय’ असा कागद सात जणांच्या हाती, आणि त्यांतील चौघे निरोगी! पट्टी तीच, करणारा तोच. तरी साथीत ‘नाही’ वर संशय घ्यावा, आणि शांततेत ‘होय’ वर. म्हणून गावात काय चालले आहे, आजाऱ्याला काय होत आहे, हे ठाऊक नसता नुसता कागद वाचणे, म्हणजे ऋतू ठाऊक नसता आभाळ वाचण्यासारखे आहे.

एकाच तपासणीवर विसंबू नये, हे तत्त्व एच. आय. व्ही. च्या बाबतीत आपल्या देशात फार काटेकोरपणे पाळले जाते. लक्षणे नसलेल्या माणसाची पहिली तपासणी ‘होय’ आली, तरी त्याला तसे सांगत नाहीत. निराळ्या बनावटीची दुसरी, आणि त्यानंतर तिसरी तपासणी करतात. तिन्ही एकमुखाने ‘होय’ म्हणाल्या तरच निदान पक्के. एका चुकीच्या कागदाने घर मोडू शकते, हे ओळखून आखलेली ही शिस्त आहे. तसेच, नुकताच संसर्ग झाला असेल तर आरंभीचे काही आठवडे तपासणी ‘नाही’ म्हणू शकते. म्हणून समुपदेशक पुन्हा येण्यास सांगतात, ते ऐकावे.

ग्वाल्हेरातील एक प्रयत्न

ज्या शहरात त्या मुलाची पट्टी चुकली, त्याच शहरात जलद व अचूक तपासणीची खटपट कित्येक वर्षे चालू आहे, ही गोष्ट आम्हांला नंतर कळली. ग्वाल्हेरात संरक्षण खात्याची एक संशोधन संस्था आहे. जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा हे तिचे मूळ. १९७३ पासून ती संरक्षण संशोधन व विकास आस्थापना ह्या नावाने स्वतंत्रपणे काम करते. २००१ साली ग्वाल्हेरात डेंग्यूची साथ आली, तेव्हा येथील शास्त्रज्ञांनी रुग्णांचे रक्त प्रतिपिंडांसाठी तपासले, आणि त्यातून प्रत्यक्ष विषाणू वेगळा काढून तो दुसऱ्या प्रकारचा असल्याचे दाखविले. पुढे २००५ मध्ये ह्या संस्थेचे मनमोहन परिडा यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, जपानी संशोधकांच्या साथीने, डेंग्यूच्या चारही प्रकारांसाठी एक नवी तपासणी प्रसिद्ध केली. तीही जननलेखाच्या प्रती काढते, परंतु पी. सी. आर. प्रमाणे नमुना पुनःपुन्हा तापवावा-निववावा लागत नाही. सुमारे ६३ अंश सेल्सिअस इतक्या एकाच उष्णतेवर तासाभरात काम होते.

गोव्याचीही गोष्ट अशीच अभिमानास्पद आहे. तेथील मोलबायो ह्या कंपनीचे ट्रूनॅट नावाचे छोटे यंत्र, जे प्रथम क्षयरोगासाठी प्रसिद्धीस आले, ते विजेऱ्यांवर चालते आणि जननलेखाची तपासणी तालुक्याच्या गावी नेते. २०२० मध्ये करोनासाठीही त्याला मान्यता मिळाली, आणि जेथे मोठी प्रयोगशाळा नव्हती अशा कितीतरी ठिकाणी त्याने काम केले. पट्टीचा वेग आणि पी. सी. आर. ची अचूकता एकत्र आणावी, हीच ह्या सर्व प्रयत्नांची दिशा आहे.

घरातील माणसांनी काय करावे?

हे सारे शास्त्र बाजूला ठेवून, आपल्या घरी ताप आला तर काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

ताप ज्या दिवशी आला, तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने खूण करून ठेवावा. डॉक्टरांना ‘चार-पाच दिवस झाले असतील’ असे सांगू नये. कोणती तपासणी करावयाची, हे त्या खुणेवर अवलंबून असते.

तपासणी करताना संकोच न बाळगता विचारावे : ही तपासणी विषाणू शोधते, त्याचे प्रथिन शोधते, की प्रतिपिंडे? ही पट्टी आहे की एलायझा? आजच्या दिवशी हिचे ‘नाही’ कितपत धरावे? आणि ‘नाही’ आले तर पुन्हा केव्हा तपासावे? चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. डेंग्यूच्या हंगामात हिवतापासाठीही रक्त तपासून घ्यावे. दोहोंचा आरंभ सारखाच दिसतो.

डेंग्यूचा संशय असेल, तर कागदावर काहीही येवो, मुलाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. तिसऱ्या ते सातव्या दिवसांच्या दरम्यान ताप उतरतो, आणि त्यापुढचे एक-दोन दिवस सर्वांत जोखमीचे असतात. पोटात जोराचे दुखणे, सारखी ओकारी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौचास, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, मूल फार सुस्त किंवा फार कासावीस होणे, ह्यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी तपासणीची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामोल चालते. अ‍ॅस्पिरिन व आयब्युप्रोफेन ही औषधे देऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पाणी, पेज, नारळपाणी थोडे थोडे देत राहावे.

आणि शेवटची गोष्ट. तपासणीचा कागद टाकून देऊ नये, पण त्याची पूजाही करू नये. तो डॉक्टरांच्या हाती द्यावा. त्यावरील तारीख व आजाराचा दिवस एकत्र वाचला गेला, म्हणजेच त्याचा अर्थ लागतो.

दौलतगंजहून निघण्याच्या सकाळी आम्ही आजींचा निरोप घ्यावयास गेलो. देव्हाऱ्यापाशी ठेवलेला कागद आता तेथे नव्हता. आजींनी तो मुलाच्या इस्पितळातील कागदांसोबत दोऱ्याने बांधून कपाटात ठेवला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मात्र त्या रविवारी पेन्सिलीने एक लहानसे वर्तुळ काढलेले दिसले. आम्ही त्याकडे पाहत आहोत हे पाहून आजी म्हणाल्या, “सूनबाईंनी काढलंय. म्हणाली, पुन्हा कुणाला ताप आला, की आधी इथं खूण आणि मग रक्त. मीही म्हटलं, बरोबर आहे बाई. कागदाला दिवस कळत नाही, तो आपणच सांगायला हवा.”

वाचकहो, त्या माउलीने जे एका वाक्यात सांगितले, तेच सांगण्यास आम्हांला इतकी पाने लागली. आपल्या घरच्या कॅलेंडरजवळ आज एक पेन्सिल बांधून ठेवा, एवढीच विनंती.